मुदतीचा आकडा

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आमच्या थोरल्या बंधूंच्या हृदयाची डावी जवनिका जेव्हा औषधांना दाद देईनाशी झाली आणि डॉक्टरांनी यांत्रिक पंप बसविण्याचा सल्ला दिला, तेव्हा पुतण्याने कोठून तरी एक आकडा पैदा केला: दोन वर्षांनी शंभरांतले तेवीस जण हयात. तो आकडा एखाद्या न्यायासनाने मुक्रर केलेल्या मुदतीसारखा घरात वावरू लागला, आणि वहिनींनी तर घराच्या कर्जाचे हप्तेही त्याच्याशी ताडून पाहिले.

चौकशीअंती निघाले ते असे की, तो तपशील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'रीमॅच' चाचणीचा, म्हणजे ठोके देणाऱ्या जुन्या, बोजड पंपाचा होता. आणि त्या चाचणीतही केवळ औषधांवर असलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरी आठच उरले होते, ही गोष्ट पुतण्याने सांगितलीच नव्हती. दादांना बसवावयाच्या 'हार्टमेट ३' पंपाची पाच वर्षांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली असून तीत सुमारे ५८ टक्के रुग्ण हयात होते. त्याच्या आधीच्या पंपावर सुमारे ४४.

परंतु हाही आकडा समुदायाचा, दादांचा नव्हे. वय, पूर्वीची हृदयशस्त्रक्रिया, रक्तातील सोडियम व युरिया, डाव्या जवनिकेचे आकारमान यांचा हिशेब त्यात धरावा लागतोच. पण आम्हांस सर्वांत भोवली ती हृदयाची उजवी बाजू. पंप साह्य करतो तो डाव्या बाजूस. त्याच्यापर्यंत रक्त पोहोचविण्याचा कारभार दुबळ्या उजव्या बाजूलाच रेटावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर ती थकली आणि दादांचा अतिदक्षता विभागातील मुक्काम लांबला. शिरेतून नळी घालून तेथील दाब आधी मोजतात. तो किती आला, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर एका परिचित वृद्ध डॉक्टरांनी दादांचे मनगट हाती घेतले. पंपाचा प्रवाह अखंड असल्याने नाडी लागेना, आणि समोर दादा तर हसत चहा पीत बसलेले! पुढचे आयुष्य मात्र पोटातून बाहेर आलेल्या तारेच्या स्वच्छ पट्टीवर, चार्ज केलेल्या बॅटऱ्यांवर आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या नियमित तपासणीवर अवलंबून असते, आणि यांतले काहीच त्या टक्केवारीत दिसत नाही. ऑक्सफर्डला २००० साली पंप बसविलेले पीटर हॉटन काही आठवड्यांचे सोबती मानले गेले होते, ते सात वर्षांहून अधिक जगले. तथापि त्यांचा दाखला देऊन धीर देणारे मला पुतण्याइतकेच बेफिकीर वाटतात.

म्हणून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हा आकडा कोणत्या पंपाचा व कोणत्या सालचा, उजव्या बाजूचा दाब किती, मूत्रपिंडाची अवस्था काय, रोजची पट्टी कोण बदलणार आणि अपरात्री हा पंप जाणणारे रुग्णालय किती अंतरावर आहे, याची उत्तरे डॉक्टरांकडून लेखी घ्यावीत.