जागा मिळते, सवलत जाते

निकालानंतर उशीर झाला तरी इंजिनिअरिंगची जागा मिळते. कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, सगळे राउंड आटोपल्यावरही मिळते. जागा रिकाम्या राहिलेली कॉलेजं स्वतःहून फोन करतात आणि "मुलीला घेऊन या, आजच ॲडमिशन करून देतो" म्हणतात. २०२५ च्या पावसाळ्यात असा फोन वलगावला माझ्या भावाच्या घरी आला, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. त्या जागेची खरी किंमत नंतर कळली. ती इतरांना वेळेत कळावी म्हणून हे लिहिते आहे.

त्या वर्षी बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला, एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाचा १६ जूनला, आणि इंजिनिअरिंगची नोंदणी जून संपता संपता सुरू झाली. म्हणजे बारावीचा निकाल आणि नोंदणी यांच्यामध्ये दीड महिन्याहून जास्त वेळ होता. पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी हा वेळ मोकळा नसतो. मे महिना लग्नांत आणि वखरणीत जातो. जून आला की पीककर्ज, बियाणं, खत, आणि डोळे आभाळाकडे. भाऊ म्हणाला, "ताई, सीईटीचा निकाल तं लागू दे, मंग पाहू. पेरणी हातची गेली तं वर्षच जाते." त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सोयाबीनची पेरणी आणि प्रवेशाची नोंदणी एकाच पंधरवड्यात येतात, हे वेळापत्रक शेतकऱ्याने ठरवलेलं नाही.

कागद काढायला घेतले तेव्हा भाचीकडे जातीचा दाखला होता. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही होतं, पण त्याची मुदत ३१ मार्चला संपलेली. प्रवेशासाठी ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. त्यासाठी आधी उत्पन्नाचा पुरावा, मग सेतू केंद्र, मग तहसील. जात वैधतेचा अर्ज तर केलेलाच नव्हता. ओबीसींसाठी त्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा शोधला, तो मिळेना. शेवटी कोतवाल बुकाची नक्कल निघाली. ज्यांच्याकडे वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र आहे, त्यांनी आधी ते मागून घ्यावं. सख्ख्या चुलत भावाचं असलं तरी काम पुष्कळ सोपं होतं. बाकीच्यांनी जुने कागद दिवाळीच्या सुट्टीतच हुडकायला लागावं.

खरा घात मात्र कागदांनी केला नाही. फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात पोरीला सांगितलं, "सगळे कागद हातात आल्याबिगर फॉर्म भरू नका." तिने ते प्रमाण मानलं आणि नोंदणीची मुदत हुकली. हा सल्ला अगदी उलटा आहे. नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी मुदतीत करून टाकायची, जे आहे त्यावर करायची. नॉन-क्रीमीलेअरसाठी किंवा वैधतेसाठी अर्ज केला असेल तर त्याची पावती जोडता येते. मूळ प्रमाणपत्र पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत दिलं नाही, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो, पण रांगेत राहतो. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकती नोंदवायला थोडे दिवस मिळतात, तेव्हाही दुरुस्ती होते. कोणत्या पावतीला किती मुदत, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आणि सूचनांत असतं. ते स्वतः वाचावं, दुकानदाराच्या तोंडून ऐकू नये.

मुदत संपल्यावर संकेतस्थळ बंद होत नाही, आणि इथेच माणूस फसतो. नोंदणी पुढेही सुरू राहते, पण ती फक्त नॉन-कॅप, म्हणजे संस्थास्तरावर भरल्या जाणाऱ्या जागांसाठी धरली जाते. आम्हाला आलेला फोन अशाच जागेचा होता. शाखा तीच, वर्ग तोच, पदवीही तीच. फरक फीमध्ये. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला ही माफी नाही, आणि चार वर्षं ती परत मिळतही नाही. फोनवर मी विचारलं तर उत्तर आलं, "होऊन जाईल, ताई, नंतर पाहू." लेखी द्या म्हटल्यावर बोलणं थांबलं.

आमच्या गावच्या पेढी नदीकाठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं विद्यापीठ इथून जवळच, अमरावतीत आहे. घरातली भांडी मोडा पण पोरं शिकवा, ही त्यांची शिकवण इथल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ आहे आणि लोक ती पाळतात. माझा भाऊ फीसाठी दोन एकर वावर गहाण टाकायला निघाला होता. जी फी सरकार भरणार होतं, तिच्यासाठी! मला त्या दिवशी इतका संताप आला की मी त्याच्या हातातून सातबारा काढून घेतला.

मग आम्ही दुसरा रस्ता धरला. बारावी विज्ञान झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्याचं वेळापत्रक वेगळं असतं आणि तेव्हा ते सुरू होतं. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि तेही कॅपमधूनच. एक वर्ष जास्त लागतं. पण गहाण टाकलेलं वावर सोडवायला किती वर्षं लागतात हे ज्याने पाहिलंय, त्याला हे एक वर्ष जड वाटणार नाही.

बीए, बीकॉम, बीएस्सीचं वेगळं आहे. तिथे प्रवेश कॉलेज पातळीवर होतो. तारीख उलटली तर विद्यापीठाची परवानगी आणि विलंब शुल्क लागतं. म्हणून तारीख जायच्या आधी प्राचार्यांना भेटावं, नंतर नव्हे. पुरवणी परीक्षा दिलेल्यांनी तर निकालाची वाट न पाहता आधीच चौकशी करून ठेवावी. कुठे तात्पुरता प्रवेश घेतला तर मूळ गुणपत्रिका आणि टीसी अडकवून ठेवू देऊ नका. मूळ कागद कॉलेजने ठेवून घेऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. आणि काहीच जमलं नाही तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याला कमी लेखू नका.

उशीर झाल्यावर घाईत पैसे भरणारे पालक मी त्या पावसाळ्यात पाहिले. त्यांना एवढंच सांगणं आहे: पहिला रुपया देण्याआधी विचारा, ही जागा कॅपची की संस्थेची? उत्तर कागदावर घ्या. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील, तेही त्याच कागदावर घ्या. आणि ज्यांची मुलं यंदा अकरावीत आहेत, त्यांनी कॉलेजमार्फत जात वैधतेचा अर्ज याच वर्षी करून टाकावा. भाचीच्या धाकट्या भावाचा आम्ही केला आहे. कोतवाल बुकाची तीच नक्कल त्यालाही चालली.