नायक बाहेर गेल्यावर

ॲनिमेवर मराठीत लिहायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारणा होते ती एकाच प्रकारच्या मालिकांबद्दल. एक साधासुधा मुलगा, त्याच्याभोवती चार-पाच मुली, त्यातली कोणी व्हॅम्पायर, कोणी हिमकन्या, कोणाच्या अंगात मांजर. चाहते याला सरळ सुपरनॅचरल हॅरेम म्हणतात. पहिल्या सीझनवर लिहिणं तसं सोपं जातं. पात्रांची ओळख करून द्यायची, जग कसं आहे ते सांगायचं, आवडलं-नावडलं नोंदवायचं. दुसऱ्या सीझनला मात्र ओळखीपाळखी संपलेल्या असतात. आता या माणसांचं करायचं काय, हे मालिकेला ठरवावं लागतं, आणि ते तिला जमलंय का हे आपल्याला.

'मोनोगातारी सीरिज : सेकंड सीझन' ही जुलै ते डिसेंबर २०१३ या काळात जपानमध्ये दाखवली गेलेली मालिका. निसिओ इसिनच्या कादंबऱ्यांवरून शाफ्ट या स्टुडिओनं ती केली. मी तिच्यावर लिहिलंय, तिच्यावरून मित्रमंडळींशी कडाकडा भांडलेय, आणि परीक्षण लिहिण्याचे पुढचे बहुतेक धडे तिनंच मला दिलेत. कथा उघड करतच बोलणार आहे. शेवटचा भाग तेवढा हातचा राखून ठेवते.

१. नवी मुलगी आली म्हणजे मालिका पुढे गेली, असं धरू नये.

'रोझारियो + व्हॅम्पायर'चा पहिला सीझन जानेवारी २००८ मध्ये आला आणि दुसरा, 'कापु२', त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. दोन्ही १३ भागांचे. दुसऱ्यात व्हॅम्पायर नायिका मोकाची धाकटी बहीण कोकोआ शाळेत दाखल होते. तिचं दुःख खरं आहे. तिला हवी आहे ती जुनी, जहाल मोका, आणि ती तर गळ्यातल्या रोझरीमागे बंद आहे. शिवाय ती रोझरी काढता येते फक्त त्सुकुने या माणसाच्या पोराला. बहिणीला भेटायचं तर एका परक्या मुलाची मर्जी धरायची! यावर अख्खा सीझन उभा राहिला असता. प्रत्यक्षात कोकोआ हत्यार घेऊन धावत राहते आणि भाग संपतो. अकिहिसा इकेदाच्या मूळ मांगानं याच पात्रांना पुढे कितीतरी गंभीर वळणावर नेलं. ॲनिमे तिथवर पोचलाच नाही. नाना मिझुकीची गाणी आणि एकूण खेळकरपणा यांमुळे 'कापु२' बघायला वाईट वाटत नाही, पण दुसऱ्या सीझनकडून माझी अपेक्षा याहून मोठी असते.

२. कथा कोण सांगतंय, ते वहीत सगळ्यात आधी लिहावं.

हा माझा सगळ्यात उपयोगी धडा. हॅरेममध्ये आपण मुलींना बघतो ते नायकाच्या डोळ्यांनी. त्याला जी गोड वाटते ती आपल्याला गोड वाटते, आणि तो खोलीतून गेला की मुलीही जणू विझून जातात. 'सेकंड सीझन' पहिल्याच कथेत हे मोडून टाकतो. निवेदन नायक आरारागीकडून काढून हानेकावा त्सुबासाकडे दिलंय, आणि आरारागी अगदी शेवटापर्यंत दिसतच नाही.

तोवर आपल्याला माहीत असलेली हानेकावा म्हणजे वर्गातली सर्वगुणसंपन्न मुलगी. आता तिच्या घरात शिरल्यावर कळतं, की या मुलीला स्वतःची खोली नाही. ती घराच्या बोळवजा मार्गिकेत झोपते, आणि हे सांगताना तिच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नसतो. सत्राच्या पहिल्या दिवशी शाळेच्या वाटेवर तिला एक अजस्र वाघ भेटतो आणि त्याच दिवशी तिचं घर जळून जातं. ती कोणाकडे न जाता एका ओस पडलेल्या शिकवणीच्या इमारतीत रात्र काढते. तिला शोधत तिथे येते ती सेन्जोगाहारा हितागी. म्हणजे आरारागीची प्रेयसी. आणि हानेकावाचाही जीव त्याच मुलावर.

एका मुलावर दोघींचं प्रेम आणि आता दोघी एका छपराखाली. या प्रकारच्या मालिका पाहिलेल्याला पुढे काय येणार ते पाठ असतं : रुसवे, टोमणे, ओढाताण. इथे काय येतं? स्वयंपाक. हानेकावानं केलेल्या जेवणाला चवच नाही, हे सेन्जोगाहाराच्या लक्षात येतं. चव असो-नसो, हानेकावाला फरक पडत नाही. समोर येईल ते ती खाते, मिळेल तिथे झोपते, होईल ते सोसते, आणि सगळे तिला समजूतदार म्हणतात. सेन्जोगाहारा तिला तोंडावर सांगते की हा समजूतदारपणा नव्हे, हे काहीतरी फार बिघडलेलं आहे. आरारागीनं सतत हानेकावाची स्तुती केली, पण तिच्या ताटात मीठ नाही हे त्याला दिसलं नव्हतं. ते दुसऱ्या मुलीला दिसलं.

पुढे उलगडतं की तो वाघ म्हणजे हानेकावानं स्वतःतून कापून बाहेर टाकलेला मत्सर. जी घरं सुखी दिसतात ती तो जाळत सुटलाय. आपल्याकडे ज्याला बाधा म्हणतात, ती या मालिकेत सहसा बाहेरून आलेली नसते. हानेकावा वाघाला परत आपल्यात घेते, आरारागीला मनातलं सांगते, त्याचा नकार ऐकते आणि ढसाढसा रडते. नंतर आईवडिलांकडे स्वतःची खोली मागते. एवढीच मागणी. ॲनिमेतल्या महायुद्धांपेक्षा हा शेवट मला मोठा वाटतो.

तेव्हापासून कुठलाही हॅरेम पाहताना वहीत एक रकाना मी राखून ठेवते : नायक नसताना ही मुलगी काय करते. पुष्कळदा तो रकाना सीझन संपेपर्यंत कोराच राहतो, आणि मग परीक्षण जवळजवळ आपोआप लिहून होतं.

३. सारांशाचे भाग सोडून द्यावेत.

२६ पैकी ६वा, ११वा आणि १६वा भाग म्हणजे आधीच्या कथांची उजळणी आहे. गुण देताना ते हिशेबात धरू नयेत.

४. प्रेक्षकांच्या लाडक्या पात्राचं मालिका काय करते, तिथे थांबून बघावं.

सेन्गोकु नादेको ही या मालिकेतली सगळ्यात गोंडस मुलगी. २००९च्या 'बाकेमोनोगातारी'त, म्हणजे पहिल्या सीझनमध्ये, तिच्या कथेला 'रेनाई सर्क्युलेशन' हे गाणं होतं, काना हानाझावाच्या आवाजातलं. ते इतकं गाजलं की मालिका न पाहिलेल्यांनाही ते गुणगुणता येतं. डोळ्यांवर येणारी केसांची झुलपं, खाली मान, तोंडातून जेमतेम शब्द. चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं. तिला सांभाळायचं, जपायचं, यापलीकडे तिच्याकडून कोणी काही मागितलं नाही.

'नादेको मेदुसा' ही तिची कथा तिच्याच तोंडून येते, आणि ती मुलगी आपल्याशी खोटं बोलत असते. शाळेत वर्गप्रमुखपद गळ्यात पडलंय, वर्गात सगळ्यांचा एकमेकांवरचा विश्वास उडालाय, शिक्षक तिला म्हणतात तूच निस्तर. ती मान डोलावते. नाही म्हणायला तिला कधी लागलंच नव्हतं, कारण गप्प राहिलं की कोणीतरी पुढे होऊन तिचं काम करून टाकायचं. मग आरारागीची बहीण त्सुकिही तिच्याशी बोलायला बसते. गोड दिसून सगळ्यातून निसटून जाण्याची तिला सवय लागलीय, हे त्सुकिही आडपडदा न ठेवता सांगते, आणि बोलता बोलता कात्री घेऊन कपाळावरची झुलपं कचकन कापते. त्या क्षणी नादेकोचा पूर्ण चेहरा आपल्यासमोर येतो आणि तो गोंडस वगैरे अजिबात दिसत नाही. दुसऱ्या दिवशी ती वर्गात जी फुटते, ती आधी ऐकलेल्या गोड आवाजात मावणारी नाही. हानाझावाचं ते काम ऐकण्यासाठी तरी हा सीझन पाहावा. कथेच्या शेवटी हीच मुलगी एका ओसाड देवळातली सर्पदेवता होते आणि आरारागी, त्याच्या सावलीत राहणारी व्हॅम्पायर शिनोबु आणि सेन्जोगाहारा या तिघांना ठार मारायचं म्हणते.

माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीबरोबर हे भाग पाहिले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, हिला कधी कोणी विचारलंच नाही का गं, तुला काय हवंय म्हणून?" एवढ्या वर्षांत या कथेवर मी पानंच्या पानं वाचली, पण याहून नेमकं वाक्य मला भेटलं नाही. परीक्षणात मी ते तिची परवानगी घेऊन वापरलं. मालिकेचा हा वार प्रेक्षकांवरही आहे. तिला बाहुली करून ठेवणाऱ्यांत आपणही होतो. आपल्याच चाहत्यांना असं धारेवर धरणारी हॅरेम मालिका मी दुसरी पाहिलेली नाही.

५. जे खटकलं ते जीव जडलेल्या मालिकेबद्दलही लिहावं.

हाचिकुजी मायोई हे दहा वर्षांच्या मुलीचं भूत. आरारागी तिला रस्त्यात गाठून जी लगट करतो, ती मालिका विनोद म्हणून दाखवते. हा विनोद नाही. जपानी ॲनिमेत असं चालतंच, ही सबब मला मान्य नाही, आणि घरात मुलांबरोबर बसून बघणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

आता याच सीझनमध्ये हाचिकुजीला फार सुंदर दोन कथाही मिळतात. आरारागी आणि शिनोबु ११ वर्षं मागे जाऊन पोचतात, तिथे तिचा अपघात टाळायचं ठरवतात, तो टळतो, आणि परत येऊन बघतात तर जग उद्ध्वस्त झालंय. त्या उजाड जगात त्यांना भेटते २१ वर्षांची, धडधाकट, खंबीर हाचिकुजी. नंतरच्या 'शिनोबु टाईम'मध्ये तिचा निरोप आहे. तो पाहताना माझे डोळे भरून येतात. पण त्यानं आधीचं धुऊन निघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच परीक्षणात, एकमेकींना न झाकता लिहायच्या.

६. सबटायटल वाचण्यात चित्र निसटतं, म्हणून चांगला भाग दोनदा पाहावा.

मोनोगातारीत माणसं अखंड बोलतात. खालच्या ओळी वाचताना डोळे तिथेच खिळतात. दुसऱ्यांदा पाहिलं की कळतं, या गावात रस्त्यावर चिटपाखरू नाही. शाळा आहे पण गर्दी नाही. कथा ज्यांची आहे तेवढीच माणसं शाफ्टनं जगात ठेवली आहेत, आणि त्यातून एकटेपणा सांगितलाय. मध्येच क्षणभर झळकणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचायला थांबू नये, ताल मोडतो. अकियुकी शिनबो आणि तोमोयुकी इतामुरा या दिग्दर्शकांची खरी करामत त्या तालातच आहे.

७. नावडतं पात्र निवेदक झालं तर त्याला पूर्ण संधी द्यावी.

शेवटची कथा 'हितागी एंड' काईकी देईशू सांगतो. हा भामटा. शाळकरी मुलांना खोटे तोडगे विकून पैसे उकळणारा. 'बाकेमोनोगातारी'तल्या नादेकोच्या दुर्दशेच्या मुळाशीही त्याचेच तोडगे होते. सेन्जोगाहाराचं कुटुंबही त्यानं एकेकाळी लुबाडलेलं. आता तीच सेन्जोगाहारा नववर्षाच्या दिवशी त्याला फोन करते : त्या देवतेला फसव आणि आमचे प्राण वाचव.

मग काईकी बर्फातून वारंवार त्या देवळात जातो. दानपेटीत १०,००० येनची नोट टाकतो, आणि ती भयंकर देवता लहान मुलीसारखी आनंदानं बाहेर उडी मारते. तो तिला दोऱ्याचे खेळ शिकवतो. तिच्या घरी जाऊन तिच्या खोलीतलं एक बंद कपाट उघडतो. आत काय असतं ते मी कुठल्याही परीक्षणात लिहीत नाही. एवढंच सांगते, की आईवडिलांनी, मित्रांनी, खुद्द आरारागीनं जे कधी पाहिलं नाही, ते बघायला पैशासाठी आलेला हा माणूस जातो. शिनइचिरो मिकीच्या थंड, थकलेल्या आवाजामुळे काईकी खरं बोलतोय की खोटं, हे आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. सहा भागांची ही कथा सबंध सीझनमधली सर्वोत्तम आहे आणि तिच्यात हॅरेमचा नायक जवळजवळ नाहीच.

८. वाचकाला सुरुवात कुठून करायची ते सांगून सोडावं.

दुसऱ्या सीझनचं परीक्षण वाचून कोणी थेट तोच लावतं आणि गोंधळतं. म्हणून क्रम देते. आधी 'बाकेमोनोगातारी'चे १५ भाग, मग 'निसेमोनोगातारी'चे ११. 'निसे'तले काही प्रसंग तर पाचव्या धड्यातल्याहून जास्त खटकतील, पण काईकी पहिल्यांदा तिथेच भेटतो. त्यानंतर 'नेकोमोनोगातारी : कुरो'चे चार भाग, कारण हानेकावाच्या मांजराची गोष्ट माहीत असल्याशिवाय वाघाची कळत नाही. मग 'सेकंड सीझन'. मूळ कादंबऱ्यांत या टप्प्यातली सहा पुस्तकं ऑक्टोबर २०१० ते डिसेंबर २०११ दरम्यान आली. त्यातलं आरारागीच्या शाळेतल्या धाकट्या मैत्रिणीचं, कानबारूचं, 'हानामोनोगातारी' २०१३ मध्ये मागे राहिलं आणि ऑगस्ट २०१४ मध्ये पाच भागांत वेगळं आलं. ते सगळ्यात शेवटी पाहावं. तिथे आरारागी कॉलेजात गेलाय, आणि मागे राहिलेली कानबारू आपलं आपण बघते.