जोडीने खेळायचे असेल तर

आमच्या सेलूत मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. इथे बर्फावरचे नृत्य कुणी शिकणार नाही. तरीही मला माझ्या कामात सगळ्यात जास्त शिकवले ते आइस डान्सच्या जोड्यांनी. मी योगासनांच्या स्पर्धांत जोडीने खेळले आणि आता गावातल्या मुलींना योगासनांतल्या रिदमिक आणि आर्टिस्टिक जोडी या प्रकारांसाठी तयार करते. दोन्ही खेळांत संगीत असते, दोघांची एक रचना असते, वेळ ठरलेला असतो. आइस डान्समध्ये जोडीदाराला डोक्यावर उचलून फेकायचे नसते, मोठ्या उड्याही नसतात. पायांचे काम आणि दोघांमधला मेळ यावर भर असतो. म्हणून तो खेळ मला घरचा वाटतो.

१. उंची नंतर बघा, आधी चाल बघा.

पालक येतात आणि म्हणतात, "दोघी सारख्या उंचीच्या आहेत, मैत्रिणी आहेत, जोडी लावून द्या." पण जाणता शेतकरीही बैलजोडी घेताना नुसता रंग आणि शिंगे बघत नाही, चार पावले चालवून बघतो. मी दोघींना शेजारी उभे करून सूर्यनमस्कार घालायला लावते. तोंडाने मोजायचे नाही, एकमेकींकडे बघायचे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या नमस्कारालाच कळते, कुणाचा श्वास लांब आहे, कोण पुढे पळते, कोण दुसरीसाठी थांबते. थांबणारी मुलगी मला हवी असते. लवचिकता सरावाने येते, थांबण्याची वृत्ती शिकवायला फार कठीण.

कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मोयर यांना १९९७ मध्ये स्कॉटच्या मावशीने एकत्र आणले. ती सात वर्षांची, तो नऊचा. दोघे बावीस वर्षे एकत्र खेळले. मावशीने काय पाहिले असेल, हा विचार मी नेहमी करते.

२. एकीला दुखापत झाली की दुसरीने तिच्या घरी जायचे.

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा धडा, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. २००८ मध्ये टेसाच्या नडग्यांवर शस्त्रक्रिया झाली. स्नायूंवर दाब वाढून तिला वेदना होत. ती घरी असताना स्कॉट एकटा सराव करत राहिला, जोडीदाराच्या जागी वाळूच्या पिशव्या आणि हॉकीच्या काठ्या घेऊन. मेहनतीत त्याने काही कमी ठेवले नाही. पण त्या काळात दोघांचे बोलणे जवळजवळ बंद होते, आणि त्याचा त्रास पुढे बराच काळ राहिला, हे त्या दोघांनीच नंतर सांगितले. दोन वर्षांत त्यांनी व्हँकुव्हरला ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तरी ती गाठ सुटायला वेळ लागला.

आमच्याकडेही हेच होते. आर्टिस्टिक जोडीत एक मुलगी दुसरीच्या वाकवलेल्या मांडीवर उभी राहते. खालचीचा गुडघा दुखावला की वरची घाबरते, खालचीला अपराधी वाटते, आणि दोघींच्या घरात वेगवेगळी चर्चा सुरू होते. म्हणून माझा नियम आहे: जी बरी आहे तिने संध्याकाळी दुसरीच्या घरी जाऊन बसायचे. सरावाबद्दल बोलायचे नाही, गृहपाठ करा, गप्पा मारा. सराव पुन्हा सुरू होतो तेव्हा बोटांत बोटे धरायची नाहीत, एकमेकींची मनगटे धरायची, घाम असला तर हात आधी कोरडे करायचे. "ताई, हिचा पाय थरथरते," असे वरच्या मुलीने मला न सांगता खालचीला हळूच विचारले, "उतरू का?", की मी समजते, जोडी परत आली.

३. नियमपुस्तक स्वतः वाचा.

१९८४ ची सारायेव्हो ऑलिंपिक. ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल आणि क्रिस्टोफर डीन यांना राव्हेलचे 'बोलेरो' हवे होते, पण ते कितीही कापले तरी चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली येईना. परवानगी चार मिनिटे दहा सेकंदांची. नियमात लिहिले होते की घड्याळ सुरू होते ते स्केटचे पाते बर्फावर सरकू लागल्यावर. म्हणून पहिले अठरा सेकंद ते गुडघ्यांवर बसून नुसते झुलत राहिले. त्यांना सहापैकी सहा गुण बारा वेळा मिळाले. त्या नाचाची ओळख झालेली ती सुरुवात नियमाच्या एका ओळीतून जन्मली. नियम तोंडी ऐकून चालत नाही.

४. पोटाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून बोला.

टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून होत्या, डीन पोलिसात शिपाई. नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने अनुदान दिले तेव्हा त्यांना नोकरी सोडून पूर्ण वेळ सराव करता आला. आपल्याकडे खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पण प्रमाणपत्राची पडताळणी होते. स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे खेळण्याआधीच विचारा. मी प्रत्येक मुलीच्या नावाची फाइल ठेवते: प्रवेशिका, निकालपत्र, प्रमाणपत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती.

५. दुसऱ्याचे संगीत घ्यायचे तर त्याच्या दारात जाऊन शिका.

व्हँकुव्हरला २०१० मध्ये लोकनृत्याची फेरी होती. अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी हिंदी चित्रपटगीतांवर नाच केला, 'कजरा रे' आणि 'डोला रे'सुद्धा त्यात होते. त्यासाठी ते भारतीय नृत्य शिकवणाऱ्या बाईंकडे शिकले होते. त्याच हंगामात रशियाच्या एका जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे नृत्य म्हणून काहीतरी केले, तेव्हा तिथल्या आदिवासी नेत्यांनी उघड आक्षेप घेतला. आमच्या मुलींसाठी मी तुकडोजी महाराजांच्या भजनाच्या धर्तीवर खंजिरीचा ठेका निवडला तेव्हा त्यांना आधी भजनी मंडळात बसवले. खंजिरीचा ठेका मध्येच चढतो. तो अंगात भिनल्याशिवाय त्यावर वृक्षासन स्थिर राहत नाही.

६. हुक तपासा.

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये फ्रान्सच्या गॅब्रिएला पापादाकिस यांच्या पोशाखाचा मानेमागचा हुक पहिल्याच फेरीत सुटला. त्या थांबल्या नाहीत. सुवर्ण शेवटी ०.७९ गुणांनी व्हर्च्यू-मोयर यांच्याकडे गेले. आमची शिलाई गावातलीच असते. पोशाख घालून आधी पूर्ण रचना करून बघायची, घाम येईपर्यंत.

७. जोडी सुटणार, हे धरून चाला.

बारावी झाली की एक मुलगी नागपूरला जाते, शिकवणीसाठी किंवा कॉलेजसाठी. दुसरी इथे राहते. तिला लगेच नवी जोडीदार लावू नका. काही महिने एकेरीत खेळू द्या, तिचा स्वतःचा श्वास तिला परत सापडू द्या. आणि जी गेली, तिला दिवाळीच्या सुट्टीत गावी आल्यावर एक सकाळ मागून घ्या. नव्या मुलीला जुन्या रचनेतले जोड, म्हणजे एका आसनातून दुसऱ्यात जायच्या वाटा, तिनेच शिकवाव्यात. कुठे वजन डाव्या पायावर टाकायचे, कुठे पकड सैल करायची, हे माझ्या वहीत लिहिलेले नसते. ते त्या दोघींनाच माहीत असते.