दाबलेली, मळलेली, घोटलेली

शीर्षक वाचून रेक्टर सरांनी दचकू नये. हा लेख टपरीचा नाही, प्रोसेसचा आहे!

वर्कशॉपमध्ये आपण शिकतो की मटेरियल तेच असलं तरी प्रोसेस बदलली की वस्तू बदलते. तंबाखूचंही तसंच आहे. परदेशात पाइपसाठी तंबाखूची पानं थरावर थर रचून प्रेसमध्ये दाबतात, कधी उष्णताही देतात. ओलावा सगळीकडे मुरतो, रंग गडद होतो. ही वीट अखंड ठेवली तर 'प्लग'. ओढणाऱ्याने ती चाकूने कापून घ्यायची. तिच्या पातळ पट्ट्या कापल्या की 'फ्लेक'. आधीच कापलेली तंबाखू दाबून केलेली, बोटांनी चुरगळणारी वडी म्हणजे 'क्रम्बल केक'. आणि पानं दोरासारखी पिळली की 'रोप'. जितकी घट्ट, तितकी हवा कमी आणि जळणं सावकाश.

आता आपल्या वैजापूरच्या स्टँडवर या. इथे पाइप नाही आणि प्रेसही नाही. प्रेसचं काम तळहात आणि अंगठा करतात.
• मळलेली : तंबाखू अधिक चुना.
• मिश्री : तंबाखू भाजून केलेली काळी पूड, दातांना लावायची.
• तपकीर : नाकात ओढायची बारीक पूड.
• मावा : कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून. विदर्भात यालाच खर्रा म्हणतात.

चुना कशाला? चवीला नाही राव! निकोटीन हा अल्कली आहे, त्याचा पीकेए सुमारे 8. चुन्याने पीएच त्याच्या वर गेला की निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. म्हणजे पाइपवाला दाबून जळणं लांबवतो, आपण चुना लावून 'किक' जवळ आणतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कॅन्सरकारक आहेत. 'नुसती सुपारी' हा बहाणा चालणार नाही.

हे सगळं लिहायला बसलो ते माझ्या रूममेटमुळे. सबमिशनच्या रात्री जागायला म्हणून पहिला मावा, मग रोज तीन-चार. दुसऱ्या वर्षी मेसचा ठेचा त्याला झोंबायला लागला. आम्ही हसलो, "शहरी झालास की काय?" पुढे वडापाव तोंडात मावेना. डॉक्टरांनी सांगितलं, सुपारीने तोंडाची आतली त्वचा कडक झाली आहे. ती पूर्ववत होणं अवघड. आता तो भाकरी दुधात कुस्करून खातो.

शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांत तंबाखू विकायची नाही असा 2003 चा कायदा आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. पण पुडी खिशात आपणच ठेवतो ना?

एक प्रॅक्टिकल आज रात्रीच करा. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, दातांमध्ये घाला. गेली नाहीत तर दातांच्या डॉक्टरकडे जा. सोडायची असेल तर 1800-11-2356 वर मोफत सल्ला मिळतो. आणि रूममेटला ठेचा झोंबला तर हसू नका. आम्ही हसलो होतो.