पाठ होतं, पण आठवेना

पेपर हातात पडताच सगळं पुसलं गेलं, ही तक्रार परीक्षेच्या दिवसांत घरोघरी ऐकू येते. खरं तर पुसलं काहीच जात नाही. वर्गाबाहेर पडून पाणी प्यायलं की तेच उत्तर लख्ख आठवतं. ताण बिघडवतो तो साठा नव्हे, साठ्यातून वेळेवर काढून घेणं. झुरिकच्या संशोधकांनी २००० साली निरोगी माणसांना शब्द पाठ करायला देऊन दुसऱ्या दिवशी विचारले. विचारण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी घेतलेल्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठांतराच्या आधी किंवा लगेच नंतर घेतलेल्यांत फरक दिसला नाही. शरीरात या औषधाचं कॉर्टिसॉल होतं, आणि घाबरल्यावर आपल्या ग्रंथीही तेच रक्तात सोडतात. त्याची पातळी वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोचते. म्हणजे केंद्राच्या फाटकात "तो धडा झाला ना रे?" विचारणारे आईवडील ती नेमकी पेपरच्या वेळेवर आणून ठेवतात!

धाक नसेल तर मुलं पुस्तकच उघडणार नाहीत, असं पालक म्हणतील. त्यात तथ्य आहे. यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८च्या प्रयोगात सोपा फरक ओळखायला उंदीर विजेच्या जोराच्या झटक्याने लवकर शिकले, अवघड फरक मात्र सौम्य झटक्यानेच. उंदरांवरून माणसाबद्दल जपून बोलावं, पण धाकाने पुस्तक उघडलं म्हणजे उत्तर सुचेल, असं नाही. तसंच "टेन्शन घेऊ नकोस" हा सल्लाही निरुपयोगी. सांगून कोणाची धडधड थांबत नाही. अभ्यासाची रीत बदलता येते. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची आठवण ताणाखाली घसरली. न बघता आठवून पाहणाऱ्यांची टिकली. तेव्हा धडा वाचून पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून काढा. वेळ जास्त जातो, हे कबूल. पण तिसऱ्यांदा वाचताना जे येतंय असं वाटतं, ते बहुतेकदा फक्त ओळखीचं झालेलं असतं.

निर्णयांचंही असंच. २००९च्या एका जर्मन अभ्यासात ताणाखालची माणसं एखाद्या पदार्थाने पोट भरल्यावरही तोच मिळवून देणारी कृती करत राहिली, कारण सवय झाली होती. म्हणून कॉलेजांचा पसंतीक्रम निकालाच्या रात्री नव्हे, आधीच्या एखाद्या निवांत रविवारी कागदावर लिहून ठेवावा. झोप किंवा भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडलेली असेल, तर मात्र कागद-पेन बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा.