रेडिओला एरियल जोडणं : दुकानात नाही, ग्राहकाच्या घरी जाऊन करायचं काम



व्हिडिओत वायर सोलता सोलता मापं जरा घाईत सांगितली गेली, म्हणून इथे नीट लिहून देतोय. शेजारी वही ठेवा.

आधी माझीच चूक ऐका. दुकान नवीन होतं तेव्हा एक आजोबा त्यांचा म्युझिक सिस्टीम घेऊन आले. "एफएम खरखरतंय." मी उघडला, साफ केला, दुकानात मस्त वाजला. २०० रुपये घेतले. आठ दिवसांत आजोबा परत. पुन्हा दुकानात मस्त! तिसऱ्या वेळी लाज वाटून मी त्यांच्या घरी गेलो. फर्निचर नवीन केलेलं, सेट लोखंडी कपाटाला टेकलेला आणि एरियलची पट्टी वायर गुंडाळून कपाटामागे कोंबलेली. सेटला काहीच झालं नव्हतं. वायर सोडवून खिडकीजवळ ताणली, खरखर गेली. २०० रुपये परत दिले, पण दोन हेलपाटे घालायला लावले ते परत कसे देणार?

तेव्हापासून माझा नियम एकच. दुकानात वाजतो आणि घरी वाजत नाही, तर सेट उघडायचा नाही, घर बघायचं.

घरी गेल्यावर पहिला प्रश्न विचारा, "कुठलं स्टेशन ऐकता?" कारण एफएम आणि मीडियम वेव्हचं एरियल वेगळं. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झ एफएमवर लागते, आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्हवर. सेटची दांडी ओढून मीडियम वेव्ह सुधारत नाही. त्याचं एरियल म्हणजे आतला फेराइट रॉड, आणि तो ज्या दिशेला टोक करतो तिथलं स्टेशन कमी येतं. सेट नुसता काटकोनात फिरवा. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं. (तरी भेटीचे पैसे घ्यायचे, त्यावर पुढे बोलतो.)

आता एफएमचं माप. ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये येते. १०१ साठी जवळजवळ ३ मीटर. आपल्याला तिचा अर्धा भाग लागतो, तोही दोन हातांत विभागलेला. तारेत तो थोडा कमी धरतात, म्हणून प्रत्येक हात साधारण ७१ सेंटिमीटर. साधी तांब्याची वायर चालते. दोन्ही हात एका प्लास्टिकच्या पट्टीवर सरळ रेषेत बांधा, मध्ये बोटभर फट. डिशला वापरतात ती काळी वायर घ्या. तिची मधली तार एका हाताला, बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला. इथेच नवशिके फसतात, कारण जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट आणि एरियल मेलं. जाळी मागे पिळून घ्या, जोडाला टेप मारा. सेटमागे ७५ ओहमचं गोल सॉकेट असेल तर सरळ पिन लावा. ३०० ओहमचे दोन स्क्रू असतील तर मध्ये छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लागतो.

लावायचं खिडकीजवळ. आरसीसी भिंतीतल्या सळया सिग्नल खातात. आडवं करून बघा, उभं करून बघा, जिथे आवाज स्वच्छ तिथेच ठोका. नुसती दांडी असलेला छोटा सेट असेल तर दोन-तीन मीटर वायर चिमटा लावून दांडीला अडकवली तरी पुरतं.

मीडियम वेव्हला खरखर राहिली तर सेट सेलवर चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करा. आवाज साफ झाला तर दोष एलईडी बल्बचा किंवा मोबाईल चार्जरचा आहे, एरियलचा नाही. तसं नसेल तर आठ-दहा मीटर प्लास्टिक कोटिंगची वायर बाहेर ताणा आणि तिच्या आतल्या टोकाचे पाच-सहा वेढे सेटभोवती, रॉडला गुंडाळल्यासारखे घ्या. सेट उघडायची गरज नाही.

आता जिवावरचं. जुना व्हॉल्व्हचा सेट समोर आला आणि त्यावर 'एसी/डीसी' लिहिलेलं असेल तर हात मागे घ्या. अशा सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसी थेट लाईनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीत करंट. एरियल आणि चॅसीच्या मधला जुना कंडेन्सर गळत असेल तर तुम्ही खिडकीबाहेर ताणलेल्या तारेतही तो उतरतो, आणि त्याच तारेजवळ कुणी ओले कपडे वाळत घालणार. टेस्टर एकदा लागला नाही म्हणून खूश होऊ नका, प्लग उलटा केल्यावर लागेल. सरळ सांगा, "काका, हे माझं काम नाही, व्हॉल्व्हवाल्या जुन्या मेकॅनिकला दाखवा." बाहेरची तार विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून न्यायची नाही, आणि वळवाचे ढग आले की सेटपासून काढून ठेवायची, हे घरातल्या माणसाला दाखवून या.

पैशाचं. मी भेटीचे १५० आधी सांगतो, माल वेगळा. "एवढीशी वायर आणि १५०?" असं लोक म्हणतातच. वायर १५० ची नाहीच, घरी येऊन दोष शोधला त्याचे आहेत, हे फोनवरच सांगून टाका, दारात वाद नको. आणि निघताना स्टेशन ग्राहकाच्याच हाताने लावून घ्या. सेट परत जागेवर, कपाटाजवळ ठेवला की पुन्हा ऐका. मगच बॅग उचला.