नारिंगी स्पंज टिकत का नाही?

प्रश्न : घरी दोनशे लिटरचा रीफ टँक आहे. मासे आणि मऊ प्रवाळ छान वाढतात. दुकानातून फांद्याफांद्यांचा नारिंगी स्पंज आणला. दीडेक महिना ठीक होता, मग टोकांना पांढरे डाग पडले आणि तो कुजत गेला. पाण्याच्या चाचण्या तर उत्तम येतात. चुकलं कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चाचण्या उत्तम येतात, बहुधा तिथेच गोम आहे. नायट्रेट-फॉस्फेट वाढू नये म्हणून आपण स्किमर (फेस करून पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारं यंत्र) चोवीस तास चालवतो, पाणी पुन्हापुन्हा गाळतो. माशांना ते मानवतं. स्पंज मात्र पाण्यातले जिवाणू, अतिसूक्ष्म प्लवक आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ यांवर जगतो, आणि नेमकं तेच आपण काढून टाकतो. त्याला पोट नसतं. अंगभरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत येतं, आतल्या पेशी चाबकासारख्या शेपट्या हलवून प्रवाह चालू ठेवतात, अन्न टिपतात आणि उरलेलं पाणी मोठ्या भोकातून बाहेर जातं. दिवसाला स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असं गाळलं जातं. एवढं करून हाती काही लागलं नाही, तर तो आतून झिजत राहतो. रंग मात्र कित्येक आठवडे तसाच दिसतो. तुमचा स्पंज पहिल्या दिवसापासूनच उपाशी असण्याची शक्यता आहे.

स्पंज जिवंत आहे का, हे पाहता येतं. पंप बंद करा, ड्रॉपरने फायटोप्लँक्टनचा एक थेंब त्या मोठ्या भोकाच्या काठाशी सोडा. पाणी वाहत असेल तर हिरवा धूसरपणा झटकन दूर ढकलला जातो. थेंब जागीच पसरला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काही स्पंज अधूनमधून भोकं मिटून घेतात.

दुसरा संशय हवेचा. दुकानदाराने पिशवीत घालताना स्पंज पाण्याबाहेर काढला होता का? आत बुडबुडे अडकले तर तिथला भाग मरतो, पांढरा पडतो आणि कूज पसरते. ओहोटीला उघडे पडणारे काही स्पंज हवेचा संपर्क सोसतात. खोल पाण्यातले सहसा नाही. स्पंज एका टँकमधून दुसऱ्यात नेताना डबा पाण्यातच बुडवून भरावा. कुजलेला भाग ताबडतोब काढा, नाहीतर अमोनिया वाढून मासेही संकटात येतील.

माझं स्पष्ट मत, नारिंगी किंवा लाल फांद्यांचा स्पंज पुन्हा विकत घेऊ नका. काही निळ्या स्पंजांच्या अंगात प्रकाशावर अन्न बनवणारे सायनोबॅक्टेरिया असतात. चांगल्या प्रकाशात ते तुलनेने टिकतात. त्याहून चांगले म्हणजे लाइव्ह रॉकबरोबर (सागरी जीव वसलेल्या खडकाबरोबर) आपसूक आलेले, संपच्या (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीच्या) अंधारात वाढणारे बारीक पांढरे स्पंज. ते खरवडून काढू नका. डच संशोधक यास्पर दे हुय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की प्रवाळखडकांच्या कपारींतले स्पंज विरघळलेले सेंद्रिय पदार्थ शोषून त्यांचं रूपांतर इतर जीवांना खाता येईल अशा कणांत करतात. तुमच्या संपमध्येही हे काम फुकट होऊ शकतं.

आणि एक विनंती. मालवणला गेलात तर खडकावरचा स्पंज उचलून आणू नका. तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि चुनखडी सांगाड्याचे सर्व स्पंज २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत.